सर्व्हर बंद ठेवता येत नाहीत, म्हणून चालू पॅनेलमध्ये हात घालू का?

पत्र

सर, मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय केलाय, वायरमनचा परवानाही आहे. सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात डेटा सेंटर आहे. तिथलं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आमच्या कंत्राटदाराकडे आहे. आता दोन नव्या रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं) आल्यात. त्यांच्यासाठी यूपीएसच्या आउटपुट पॅनेलमध्ये चार नवीन एमसीबी (छोटे ब्रेकर) बसवून केबल जोडायच्या आहेत. आयटीचे साहेब म्हणतात, "सर्व्हर एक मिनिटही बंद होता कामा नयेत, चालू पॅनेलवरच करा." आमच्यातले जुने वायरमन अण्णा म्हणतात, "आम्ही जन्मभर चालू लाइनवरच कामं केली. रबरी चप्पल घाल, एक हात खिशात ठेव, काही होत नाही." कंत्राटदार म्हणतो, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. घरात कमावता मी एकटाच. करू का हे काम? आणि करायचंच झालं तर कसं करू?

— नाव छापू नये, कुपवाड

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. हे काम चालू पॅनेलवर करू नकोस.

दुसरा प्रश्न तू का विचारलास तेही कळतं. पण चालू बसबारला, म्हणजे पॅनेलमधल्या धातूच्या जिवंत पट्टीला, खेटून स्क्रू ड्रायव्हर आणि पाना चालवायची सुरक्षित रीत मी तुला सांगू शकत नाही, कारण तुझ्याकडे जी साधनं असतील त्यांच्या जोरावर ती होत नाही. हेच काम बंद पॅनेलवर कसं करून घ्यायचं, साहेबांना कसं पटवायचं आणि नोकरी कशी सांभाळायची, ते मात्र सविस्तर सांगतो.

आधी अण्णांचं बोलणं घेऊ. त्यांचा मान राखूनच ऐक, कारण खिशातल्या हातामागे खरा अनुभव आहे. दोन्ही हात धातूला लागले की करंट एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जातो आणि मध्ये हृदय येतं. घामेजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरतात. म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडवत नाही. घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होते, कारण त्याच्यापुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. सर्व्हरच्या पॅनेलला तर अशी आरसीसीबी बहुधा नसतेच. खिशातला हात करंटची एक वाट बंद करतो; दुसऱ्या हातातून पायाकडे जाणारी वाट उघडी राहते, आणि कोपर पॅनेलच्या पत्र्याला टेकलं तर तीही एक वाट झालीच. झिजलेल्या चपलेवर किती विसंबायचं?

पण तुझ्या पॅनेलमधला सगळ्यात मोठा धोका शॉकचा नाही, आर्कचा आहे, म्हणजे शॉर्ट होताना हवेतून पेटणाऱ्या विजेच्या ज्वाळेचा. अण्णांनी जन्मभर कामं केली ती बहुतेक घरांत, दुकानांत. तिथपर्यंत येणारी वायर बारीक आणि लांब, त्यामुळे शॉर्ट झालं तरी करंटला मर्यादा पडते. तुझ्या बँकेसारख्या इमारतीला बहुधा स्वतःचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) असतं, तेही पॅनेलपासून जवळ. समज ते ५०० केव्हीएचं आहे आणि त्याचा इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) ५ टक्के आहे. ४१५ व्होल्टला त्याचा पूर्ण भाराचा करंट सुमारे ७०० अँपिअर. शॉर्ट झालं तर रोहित्राच्या टर्मिनलवर १४,००० अँपिअरच्या आसपास. केबलमुळे पॅनेलपर्यंत तो कमी होईल, तरी हजारांतच राहील. मध्ये यूपीएस आहे म्हणून आपण वाचू, असंही धरून चालू नकोस. आउटपुटला शॉर्ट झालं की इन्व्हर्टरला तेवढा करंट देता येत नाही, म्हणून बहुतेक ऑनलाइन यूपीएस आपणहून स्टॅटिक बायपासवर जातात, म्हणजे इन्व्हर्टर वगळून मेनचा सप्लाय थेट पुढे देतात. म्हणजे त्या क्षणी रोहित्राचा करंट सरळ तुझ्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाशी येतो.

आर्कमध्ये तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा आहे. तांबं वितळतं आणि त्याची वाफही होते. वाफ होताना ते सुमारे ६७,००० पट जागा घेतं, त्यामुळे स्फोटासारखा धक्का बसतो आणि वितळलेले थेंब तोंडावर येतात. माणसाने कुठल्याही तारेला हात लावलेला नसतो, तरी चेहरा, हात, छाती भाजून निघते. राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने १९८२ साली आर्कमुळे भाजण्यावर लिहिलं, तेव्हा 'विजेचा धोका म्हणजे शॉक' हीच समजूत सर्वत्र होती. आपल्याकडे अजून बरीच तशीच आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण शॉकपासून जपणारी चांगली मुलं आर्कमध्ये सापडतात. कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी उष्णता मिळाली की फोड येण्याइतकं भाजतं. ही उष्णता वरचा ब्रेकर ट्रिप व्हायला किती वेळ घेतो त्यावर ठरते. ०.१ सेकंदाऐवजी ०.३ सेकंद लागले की उष्णता तिप्पट. कंत्राटदाराने दिलेला पॉलिएस्टरचा युनिफॉर्म अशा वेळी वितळून अंगाला चिकटतो. त्या पॅनेलच्या जवळपास कुठलंही काम असो, जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत जा. कडं, अंगठी, चेन, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवत जा.

आता साहेबांकडे वळू. त्यांना सर्व्हर बंद पडायला नको आहेत, आणि ते बरोबरच आहे. ग्राहकांचे पैसे त्या मशीनवर आहेत. त्यांना तुझ्या जिवाची पर्वा नाही असं मी धरत नाही. चालू पॅनेलवर काम केलं म्हणजे सर्व्हर चालू राहतील, असं त्यांना वाटतं. हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही, ते तू सांग.

शॉर्ट झालं तर त्या क्षणी सगळ्या आउटपुटचा व्होल्टेज खाली बसतो आणि नुसता तुझा फिडर नव्हे, सगळे सर्व्हर एका झटक्यात रिसेट होतात. कुठलीही नोंद पूर्ण न होता, डेटाबेस मध्येच तुटून. न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचं, तर याहून वाईट. नवीन वायर घालताना न्यूट्रल लिंकचा एखादा स्क्रू ढिला झाला आणि मुख्य न्यूट्रल सुटला, तर तीन फेजवरचा भार कधीच सारखा नसल्याने, ज्या फेजवर भार कमी तिथला व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढतो. सर्व्हरचे पॉवर सप्लाय २४० व्होल्टपर्यंतचे बनवलेले असतात. म्हणजे जे काम 'सर्व्हर बंद पडू नयेत' म्हणून चालूवर केलं, त्यात सर्व्हर जळतात. नियोजित बंद दोन तासांचा असतो. जळालेली मशीन बदलायला किती दिवस लागतील ते साहेबांनाच विचार. अर्थची वायरही चालू असताना कधी सोडवायची नाही. प्रत्येक सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे गळत असतो. एकाचा थोडासाच, पण पन्नास-शंभर उपकरणांचा मिळून अर्थ सुटलेल्या रॅकच्या बॉडीवर हात लावणाऱ्याला पुरेसा होतो.

मग बंद कसं मिळवायचं? रॅकच्या मागे जाऊन बघ. बऱ्याच सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आणि दोन वायरी असतात. एक वायर 'ए' बाजूच्या यूपीएसवर, दुसरी 'बी' बाजूच्या. एवढा खर्च करून दोन बाजू ठेवतात त्या एक बाजू बंद करून काम करता यावं म्हणूनच. जगभर डेटा सेंटरची प्रतवारी करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटची टियर ३ ची अटच अशी आहे की कोणताही एक भाग देखभालीसाठी काढता आला पाहिजे आणि तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. तुमच्याकडे अशा दोन बाजू असतील तर तुझं अर्धं काम झालं. पण डोळे मिटून एक बाजू पाडू नकोस. आयटीवाल्यांना सोबत घेऊन तीन गोष्टी बघ. दोन्ही वायरी खरंच दोन वेगळ्या बाजूंना आहेत का? घाईत दोन्ही एकाच पट्टीत खोचलेल्या सापडतात. मोडेम, जुने स्विच, फायरवॉल अशी एकाच वायरीची उपकरणं कोणती? आणि सगळा भार एका बाजूवर आला तर ती बाजू तो पेलेल का? दोन्ही बाजू अर्ध्याच्या आत चालत असतील तरच पेलेल. ए बाजू ६० टक्के, बी ६० टक्के असेल तर एक पाडताच दुसऱ्या बाजूवर १२० टक्के भार येईल, ती बाजूही ट्रिप होऊन सगळंच अंधारात जाऊ शकतं. क्लॅम्प मीटर लावून आधी मोजून ठेव.

एकच यूपीएस असेल तर शटडाऊनच घ्यावा लागेल. इथे पुष्कळांची एक समजूत चुकते: यूपीएस मेंटेनन्स बायपासवर टाकला की आउटपुट पॅनेल बंद झालं, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. बायपासमध्ये यूपीएस तेवढा बाजूला होतो, पॅनेल मात्र थेट मेनवर चालूच राहतं.

बँक कधी बंद ठेवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांच्याच फोनमधला मेसेज दाखव. 'देखभालीसाठी आमची सेवा रात्री अमुक ते अमुक वेळेत बंद राहील' असे मेसेज मोठमोठ्या बँका आपल्याला नेहमी पाठवतात. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, त्याला जोडून रविवार. दिवसअखेरची कामं उरकल्यावर रविवारच्या पहाटे दोन तास मागायला काय हरकत आहे? आणखी एक वाट आहे. बँकांना कामकाज दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून चालवून बघण्याची ड्रिल ठराविक काळाने करावी लागते. त्या दिवशी मुख्य जागेवरचा भार तसाही हललेला असतो. पुढची ड्रिल कधी आहे एवढं साहेबांना विचार; कदाचित तारीख तेच देतील.

बोलताना 'मी करणार नाही' असं म्हणू नकोस. काम करायला तयार आहे, बंद मिळवून द्या, असं म्हण. आणि लिहून दे, व्हॉट्सॲपवर का होईना, कंत्राटदार आणि साहेब दोघांना एकत्र. मजकूर असा चालेल:

"नवीन दोन रॅकसाठी यूपीएस आउटपुट पॅनेलमध्ये चार एमसीबी बसवण्याचे काम करण्यास मी तयार आहे. पॅनेल चालू असताना काम केल्यास शॉर्ट होऊन किंवा न्यूट्रल सुटून सर्व सर्व्हर अचानक बंद पडण्याचा, उपकरणे जळण्याचा व जीवितहानीचा धोका आहे. तरी दोन तासांचा नियोजित शटडाऊन मिळावा. काम चालू स्थितीतच करावयाचे असल्यास त्यासाठी अधिकृत केलेल्या व्यक्तीचे नाव, विद्युत निरीक्षकांनी मान्य केलेली सुरक्षा उपाययोजना व आपला लेखी आदेश मिळावा."

शेवटचं वाक्य मी मनाने घातलेलं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत हे होतं आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांतही आहे: अधिकृत केल्याशिवाय आणि विद्युत निरीक्षकांनी मान्य केलेली काळजी घेतल्याशिवाय चालू लाइनवर किंवा उपकरणावर कुणी काम करायचं नाही, आणि तसं काम करणाऱ्याला मदतही करायची नाही. म्हणजे टॉर्च धरून उभा राहणाराही त्यात आला. जीवघेणा अपघात झाला तर २४ तासांत विद्युत निरीक्षकांना कळवावं लागतं, चौकशी होते, आणि पहिला प्रश्न येतो तो 'कुणी सांगितलं होतं?' हा. कंत्राटदाराला हे शांतपणे सांग. त्याचाही परवाना पणाला लागतो, हे त्याच्या लक्षात आलं की बोलणं बदलतं. आणि तरीही त्याने काढून टाकलं तर? महिना-दोन महिने ओढाताण होईल, ते मी नाकारत नाही. पण परवाना असलेल्या वायरमनला कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत पुन्हा काम मिळतं. भाजलेल्या हातांना मिळणं अवघड.

शटडाऊन मिळाला, की खरी काळजी तिथून सुरू होते, कारण डेटा सेंटरमध्ये एक स्विच पाडून काहीच बंद होत नाही. सगळं मुळी बंद पडू नये म्हणूनच जोडलेलं असतं. मेन गेली की काही सेकंदांत डीजी (डिझेल जनरेटर) आपोआप सुरू होतो, म्हणून त्याला सुरू करणारं एएमएफ पॅनेल ऑटोवरून ऑफवर घ्यायचं. यूपीएस बॅटरीवर चालत राहतो, म्हणून त्याचा आउटपुट ब्रेकर उघडायचा. पॅनेलचा इनकमर (सप्लाय आत येतो तो मुख्य स्विच) पाडला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर सप्लाय असतोच, त्यामुळे नुसत्या इनकमरवर थांबायचं नाही. जे जे उघडलं त्याला कुलूप आणि 'माणसे काम करत आहेत' अशी पाटी. किल्ली तुझ्या खिशात, दुसऱ्या कुणाच्या नाही. महावितरणचे जनमित्र (लाइनमन) लाईन क्लिअरचं, म्हणजे लाइन बंद केल्याचं, परमिट हातात आल्याशिवाय खांबाला हात लावत नाहीत. तूही साहेबांच्या आणि तुझ्या सहीचा तसा कागद कर, वेळ घालून.

मग तपासणी. निऑनच्या पेन टेस्टरवर हे सोपवू नकोस. सीएटी ३ (मीटरची सुरक्षा श्रेणी), ६०० व्होल्ट किंवा त्याहून वरच्या रेटिंगचा मीटर घे. आधी चालू सॉकेटवर लावून मीटर बरोबर दाखवतो ते बघ. मग पॅनेलमध्ये प्रत्येक फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ बघ. मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरचा फ्यूज उडाला किंवा लीड तुटली, तर पॅनेल 'शून्य' दाखवेल आणि ते खोटं असेल. हे तपासेपर्यंत ते पॅनेल चालूच आहे असं धरायचं. म्हणजे तेवढ्या वेळापुरता हातमोजा, फेस शील्ड आणि पायाखाली आयएस १५६५२ ची इन्सुलेटिंग मॅट लागतेच. हातमोजे 'क्लास ०', १,००० व्होल्टचे, चाचणीची तारीख छापलेले, वर चामड्याचे मोजे. घालण्याआधी गुंडाळून हवा कोंडून कुठे सुटते का ते बघायचं. बागकामाचे किंवा ॲसिडचे रबरी मोजे याला चालत नाहीत. नुसतं मोजमाप, क्लॅम्प मीटर, थर्मल कॅमेरा ही कामं चालूवर करावी लागतात, ती एवढी साधनं घालून आणि सोबत दुसरा माणूस ठेवूनच.

बॅटरीच्या खोलीत आत्ता तुझं काम नाही, पण कधीतरी येईल, म्हणून सांगून ठेवतो. १२ व्होल्टचे ४० ब्लॉक सिरीजमध्ये असतील तर फ्लोटला, म्हणजे चार्जरवर असताना, ५४० व्होल्टच्या आसपास डीसी होतो, आणि त्या बॅटरीला बंद करायचा स्विच नाही. ब्रेकर पाडला की यूपीएस सुटतो, बॅटरी तशीच जिवंत. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे त्याचा आर्क विझायला संधी असते. डीसीला ती नाही, एकदा पेटला की ओढत जातो. मधल्या लिंक काढून बॅटरीचे लहान भाग केल्याशिवाय, आणि इन्सुलेटेड पान्याशिवाय, तिथे काम करायचं नाही. यूपीएसच्या आत कपॅसिटर असतात, ते बंद केल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतात. दारावर लिहिलेली मिनिटं थांबल्याखेरीज झाकण काढू नकोस. आणि सांगलीत हे वेगळं सांगावं लागतं: २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावर बॅटऱ्या असतील तर सप्लाय तोडला तरी पाण्यातली बॅटरी जिवंत असते. ओसरल्यावर पहिलं पाऊल टाकणाऱ्याला हे ठाऊक हवं.

सोबतच्या माणसाला मेन कुठून पाडायचा ते आधी दाखवून ठेव. कुणाला शॉक बसला तर आधी सप्लाय बंद, मग माणसाला हात. श्वास आणि नाडी नसेल तर छातीवर जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देणं तिथल्या तिथे सुरू करायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. मिरजेची हॉस्पिटलं जवळ आहेत म्हणून थांबून राहता येत नाही, तेवढी मिनिटं हृदयाजवळ नसतात. सीपीआरचं प्रशिक्षण तू आणि अण्णा दोघांनी घ्या.

हे वाचणाऱ्यांत बँकांचे, पतसंस्थांचे संचालक असतील, त्यांना एक विनंती. नवीन पॅनेल करून घेताना मोकळ्या जागा ठेवा, प्रत्येक भागाला स्वतंत्र आयसोलेटर घ्या. काही हजारांनी बिल वाढेल. पुढची रॅक आली की कुठल्यातरी पोराला चालू बसबारपाशी पाठवायची वेळ येणार नाही.

तूही तेच कर. शटडाऊन मिळालाच आहे तर चारच्या जागी आठ एमसीबी बसव, चार मोकळ्या राहू देत, त्यांच्या आउटगोइंग केबल बाहेरच्या वेगळ्या टर्मिनल बॉक्समध्ये काढून ठेव. पुढच्या वेळी मूळ पॅनेल उघडावंच लागणार नाही. सगळे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला कस. सप्लाय दिल्यावर नव्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून कागदावर लिही, आयटीवाल्यांना दाखव, मगच त्यांना मशीन लावू दे. आठवड्याने भार चढला की थर्मल कॅमेऱ्याने जोड बघून घे.

तारीख ठरली की कळव. त्याआधी पॅनेलचा फोटो पाठव, इनकमर कुठे आहे आणि यूपीएसची केबल कुठून येते ते बघून सांगतो. फोटोसाठी फक्त बाहेरचं दार उघड, आतलं ॲक्रिलिकचं झाकण काढू नकोस.